ढिला स्क्रू

ठाकूरद्वारच्या नाक्यावरून आत वळलं की
तिसरं दुकान, पाटी अर्धी विझलेली.
सत्तेचाळीस वर्षं उघड्या डोळ्यांनी काढली मी,
त्यातली बावीस प्रभादेवीच्या छापखान्यात
दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात.
आणि आता अनुस्वार दिसेनात.
परवा एका कादंबरीत मांडीची माडी झाली,
नायक तिच्यावर डोकं ठेवून झोपला,
आणि तसाच छापून गेला.

आतली खोली अंधारी. एक खुर्ची, एक स्टूल.
लोखंडी चौकट माझ्या नाकावर ठेवताना
देवरुखकर म्हणाले, "जड वाटेल. थोडा वेळ."

चार गुडघे, एवढ्याशा जागेत,
आणि एकही दुसऱ्याला लागू नये
म्हणून दोन्हीकडून चाललेली मेहनत.

"आता बरं, की आधी बरं?"
"आधी."
"आणि आता?"
त्यांच्या तोंडात लवंग होती. धंद्याचा शिष्टाचार असावा,
इतक्या जवळून बोलायचं म्हणजे.
माझा श्वास कुठे ठेवावा ते मला कळेना,
वरच्या हुकाशीच अडवून धरला.

समोर उजेडाची पाटी: र ग ल म.
मी वाचलं र, वाचलं ग, ल,
आणि थांबले.
म दिसत नव्हता म्हणून नाही.
त्यांचा अंगठा कानशिलाला लागला होता,
अर्धा क्षण,
भिंग फिरवायला लागतो त्याहून किंचित दीर्घ.
कागदावर असता तर समासात
पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं असतं मी.

"घरी आणखी कुणाला नंबर?"
"मुलाला. पुण्याला असतो तो."
एवढंच विचारलं त्यांनी.
एवढंच सांगितलं मी.
पण पावती फाडताना त्यांचं तोंड गल्ल्याकडे
आणि चपलांची टोकं माझ्याकडे होती.
मी पर्स डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतली.
मग पुन्हा डाव्या.

चष्मा आला. सगळं लख्ख दिसू लागलं:
तांदळातले खडे, औषधाच्या बाटलीवरची तारीख,
आरशात हनुवटीखालची सैल कातडी.
तिच्यावर मात्र मी खूण केली नाही.
राहू दे, म्हटलं.

आठव्या दिवशी पुन्हा गेले.
"घसरतो," म्हणाले.
घसरत नव्हता.
गल्लीत वळण्यापूर्वी केस कानामागे सारले होते,
वाट मोकळी असावी म्हणून.
मग लाज वाटून पुढे ओढले.
मग वारा होता, त्याच्यावर सोडून दिलं.

त्यांनी दाढी केली होती. दुपारचे चार,
आणि दाढी ताजी.
गालावर कापलेल्या जागी
वर्तमानपत्राचा कपटा चिकटवलेला,
काढायचा विसरलेला.
त्यावर दोन अक्षरं होती. वाचली मी.
कशाची, ते सांगत नाही.

चष्मा त्यांनीच उतरवला, दोन्ही हातांनी,
झोपलेल्या मुलाच्या अंगावरून पांघरूण काढावं तसा.
आणि ते पुसट झाले.
जवळचं पुसट दिसणं हाच माझा दोष,
त्यांच्याच अक्षरात लिहिलेला कागद आहे माझ्याकडे.

बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला.
अर्धा फेरा उजवीकडे.
मग तोच अर्धा फेरा
डावीकडे.
मला पुसट दिसतं, पण एवढं पुसट नाही.

चष्मा परत घालताना बोटं कानामागे गेली,
केस होते तिथे, ते सारावे लागले.
बाहेर रसवाल्याच्या चरकाचे घुंगरू वाजत होते,
थांबले, पुन्हा वाजले.

"झालं," ते म्हणाले. कानाच्या पाळ्या लाल,
त्यांच्या. माझ्या मला दिसत नव्हत्या.
"पण हा स्क्रू परत ढिला होणार."

"किती दिवसांत?"

त्यांनी रिकामी डबी उघडली, मिटली.
"आठ-दहा."
मी निघाले. पायरी उतरले. मागून आवाज आला,
जरा घाईचा, घसा न खाकरलेला:
"गुरुवारी दुकान बंद असतं."

विचारलं नव्हतं मी.