मापाची वही

गोळीबार चौकाच्या मागे, आमच्या घरात,
माझी शिलाई मशीन जिथं आहे
तिथं मागाचा खड्डा होता.
बाबा त्यात पाय सोडून बसायचे:
कमरेपर्यंत जमिनीत
आणि कमरेच्या वर नऊवारीचे काठ.
खड्डा बुजवायला सोळा टोपली मुरूम लागला.
अजूनही मशीन जोरात चालली
की तिचा एक पाय हळूच खाली बसतो.
मी पुठ्ठ्याची घडी घालते.

वहीचं पहिलं पान.
इस्तारी निमजे, रिंग खातं, छाती चौतीस.
खाकी शर्ट, दोन खिसे,
डावा बिडीबंडलाचा, उजवा गेटपासचा.
"खांद्यात ढिला ठेव वो बाई,
रातपाळीत हात वरच रायते."
त्या वर्षी तसे एकोणसत्तर शिवले.
पुढच्या वर्षी तेरा.
त्याच्या पुढच्या वर्षी इस्तारीभाऊ
जुनाच शर्ट घेऊन आले,
म्हणाले, खिशावरचं गिरणीचं नाव तेवढं उसवून दे.

उसवलं.
पण सगळा शर्ट उन्हानं विटलेला,
नावाखालचं कापड तेवढं कोरं;
दोरा निघाला
आणि अक्षरं गडद होऊन वर आली.
तोच शर्ट घालून ते
सावजीच्या भटारखान्यात खसखस वाटायला लागले.

मग निळा आला, बुटीबोरीचा.
हिंगण्याचा राखाडी.
पोरं बापापेक्षा उंच, छाती तेवढीच.
सुरुवातीला ती स्वतः यायची, हात वर करून उभी राहायची,
गुदगुल्या झाल्या की हसायची.
पुढं ठेकेदारच आला.
त्यानं माणसं आणली नाहीत, चिठ्ठी आणली:
एम चाळीस, एल तीस, एक्सेल पाच.
मी वहीत तसंच लिहिलं.
ते पान आजही उघडलं की कुणाचा चेहरा आठवत नाही.

इंदोऱ्याचा सुगत रामटेके, बी.ए.,
त्याच्या खांद्यावर मी लाल दोरी टाचली.
आजोबा जिथं सूत सांधायचे
तिथल्या पार्किंगमध्ये तो आता
गाड्यांच्या डिक्क्या उघडायला लावतो.
"सॅल्यूट करताना काखेत ताणते," म्हणाला.
मोडा अर्धा इंच उतरवून दिला.

इस्तारीभाऊंची नात समीक्षा मिहानला जाते.
तिला युनिफॉर्म नाही, गळ्यात फीत आहे.
रात्री नऊला घ्यायला गाडी येते,
तिच्या ऑफिसात तेव्हा कुठल्याशा देशाची सकाळ असते.
"मावशी, कुर्त्याले खिसा लावून दे ना, कार्डासाठी."
उजवीकडे लावला.
का उजवीकडे, ते मी तिला सांगितलं नाही.

मोमीनपुऱ्याचा इक्राम
तिरुपूरहून शिवून आलेला टी-शर्ट आणतो,
दोन्ही बाजूंनी आत घ्यायला.
आधी लाल होता, मग नारिंगी, मग जांभळा;
कंपनी बदलते, पाठीवरची पेटी बदलते,
मे महिन्यात डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा तोच.
त्या कपड्यांना आतून दाब नसतो.
आम्ही दोन बोटं कापड आत ठेवायचो,
माणूस भरला तर उसवून वाढवता यावं म्हणून.
यात काही ठेवलेलंच नाही.

परवा सर्व्हेवाली मुलगी आली, हातात टॅब.
"तुमचं क्षेत्र कोणतं, बाई?"
मी म्हटलं, हेच, चौदा बाय दहा.
ती हसली नाही. "तसं नाही. शेती, उद्योग, सेवा?"
मी विचारात पडले.
बाबांचं सांगू की माझं?
शिवते ते की उसवते ते?
"उद्योग टाकते," ती म्हणाली. "पुढचं पान उघडत नाही त्याशिवाय."

तिच्या सरकारी जॅकेटची बाही
बोटांवर येत होती,
दर वेळी मागं सारून ती काचेला बोट लावायची.
काढ ते, म्हटलं, पाच मिनिटांत कापून देते.
"नको मावशी, परत करायचं आहे.
तीनच महिन्यांचं काम आहे हे."

मग कैची घेतली नाही.
बाही आत दुमडली
आणि कच्ची टीप मारली,
एका टोकाला ओढली
की सगळी सुटेल अशी.