माशाचं तेल

बाटलीवर मासा छापलाय.
असला मासा आमच्या तलावात नाही.

साठ गोळ्या, नऊशे चाळीस रुपये, साकोलीचं मेडिकल.
म्हणजे किती किलो शिंगूर,
हा हिशेब मी पाळीवर जाळं सांधताना केला
आणि घरी सांगितला नाही.

नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
रक्तात लोह कमी आहे, ते द्याच.
तेलाचं काही खात्रीनं सांगता येत नाही.
दुकानदाराला मात्र खात्री होती.

दिगेश सात वर्षांचा, तीन शब्दांचा.
खातो फक्त पांढरं: थंड भात, मुरमुरे,
मीठसुद्धा वेगळ्या वाटीत.
ढिवराच्या घरचं लेकरू,
माशाचा वास आला की कान झाकतो.
नाक नाही, कान.

प्रणिता सुईनं गोळी टोचते, थेंब भातात लपवते,
तो अख्खं ताट सरकवतो.
तिच्या वहीत तारखा आहेत.
झोपला. नाही झोपला. हात चावला.
सोमवारी माझ्याकडे पाहिलं, असं वाटलं.

आज त्यानं उंबऱ्यावर गोळ्या मांडल्या, एका ओळीत,
उन्हात मोहफुलांसारख्या टपोऱ्या.
एक उचलली, शिंगुराच्या बादलीत सोडली.
पाणी हललं. गोळी गेली.
वाकून बघत राहिला, बराच वेळ,
मग माझं बोट धरलं आणि पाण्यात बुडवलं.

शिंगूर काटा मारतो, रात्रभर ठणकतं,
हे त्याला कोण सांगणार.
मी बोट काढलं नाही.

प्रणिता वही घेऊन दारात उभी.
तारीख टाकून झाली आहे.
काय लिहू, म्हणते.