चांगला निघालेला रोलर

ओर्तेन्सिया चायापा पट्ट्याच्या कडेनं चालते.
खाणीच्या तोंडापासून गिरणीपर्यंत सहा किलोमीटर,
पंधरा हजार रोलर,
वरून तांब्याचा दगड रात्रंदिवस वाहता.
गालात कोकाची पानं, कारण या उंचीवर श्वास उसना आणावा लागतो.
ती फारसं बघत नाही. ऐकते.
कुठंतरी दाताखाली खडा यावा तसं काही वाजतं,
ती दोन पावलं मागे येते,
चौकटीवर पिवळ्या खडूची फुली मारते
आणि पुढे.

चौथ्या दिवशी ती फुली माझ्या गोदामात पोचते.
नवा द्या, जुना घ्या, इथं सही करा.
मी रामिरो. सव्वीस वर्षं सह्याच करतोय.
जुना रोलर हातानं फिरवून बघतो
तर फिरतो की तो! गपगुमान, लोण्यासारखा.
"बाई, हा अजून वर्षभर चालला असता."
"असेल," म्हणते, आणि बाहीला नाक पुसते.

सांतियागोच्या साहेबांना हिशेब लागतो.
या महिन्यात काय मोडलं?
काही नाही.
मग एवढे रोलर गेले कुठं?
मी फळीवरच्या त्या नळीकडे बघतो,
अकरा वर्षांपूर्वीची.
हा रोलर जाम झाला होता, पट्टा घासत राहिला,
घासून घासून नळीची सुरी झाली
आणि तिनं आठशे मीटर पट्टा उभा चिरला.
तिला नंबर आहे, तारीख आहे, फोटो आहे.
बाकीच्यांसाठी माझ्याकडे रकानाच नाही.

रविवारी, जेवणाच्या सुट्टीत,
गोदामामागे ग्राइंडर किंचाळला.
जाऊन बघतो तर ही,
काढलेले रोलर एकेक कापत बसलेली.
कुणी सांगितलं नव्हतं.
पहिल्यात बेअरिंगची जाळी तुटून भुगा.
दुसऱ्यात ग्रीस काळं, करपलेल्या गुळासारखं.
तिसरा उघडला
आणि आत सात गोळ्या, नव्याकोऱ्या,
ग्रीस अजून मधाच्या रंगाचं.

बराच वेळ ती काही बोलली नाही.
मग वही काढली. मी वाकून वाचलं:
४११२, डावा. मी चुकले.
आवाज वाऱ्याचा होता. पश्चिमेचा, चारनंतरचा.

लोक डोळ्यांत तेल घालतात.
ही कानात घालत होती.

"या गोळ्या नेऊ का?" मी विचारलं. "नातवाला."
"सही कर," म्हणाली. पहिल्यांदाच हसली.

पाळी संपवून इकीकेला घरी आलो.
नातवानं सातही गोळ्या फरशीवर सोडल्या,
एकामागून एक.
बायको म्हणाली, जेवायला बस.
थांब, म्हटलं.
सहावी गोळी किंचित अडखळली होती.
की फरशी?