किल्ली खिशात

वहीत नावं त्रेचाळीस, पाकिटं आली सात.
कुरिअरवाला सही घेऊन पाणी प्यायला, म्हणाला,
काका, यंदा हलकं आहे की खोकं.
हलकं नव्हतं रे बाबा.

जांभळी नाक्याच्या अलीकडे, तांब्यापितळेच्या गल्लीत
माझ्या दुकानात मावतात दीड माणसं:
गिऱ्हाईक एक, अर्धा मी.
भिंतीवर प्लास्टिकच्या खिशांत
मेलेले राजे, एका बाजूनं पाहणारे,
बिनभाड्याचे.

सव्वानऊला शटर अर्धं उचललं
तर पलीकडे नुसते पाय.
चपलांवरून ओळखतो मी.
कोलबाडच्या टिपणीसांची मधुमेहाची, मऊ टाचेची.
चेंदणीच्या धर्माची, बाजारातल्या बर्फानं अजून ओली.
आणि एक बूट पांढरे, नवेकोरे:
घोडबंदरच्या टॉवरमधलं ते पोरगं,
ज्याला नाण्यावर काय आहे ते नको असतं,
नाण्यावर किती सुटतील ते हवं असतं,
आणि जे मला अंकल म्हणतं.

पूर्वी मी नंबरानं द्यायचो. मग ओळखीनं.
एका वर्षी चिठ्ठ्या टाकल्या लाडवांच्या डब्यात,
सुनेला म्हटलं, डोळे मिटून काढ,
तर पहिलं नाव निघालं तिच्याच भावाचं.
तेव्हापासून डब्यात पुन्हा लाडू.

यंदा घरटी एक, जुन्यांना आधी.
वीस मिनिटांत सहा गेली.
टिपणीसांना म्हणालो, पुढच्या खेपेला पहिलं तुमचं.
हे वाक्य त्यांना चौथ्यांदा दिलं;
पार झिजलंय, साल वाचता येत नाही,
तरी ते घेतात, घडी घालून ठेवतात.
धर्मा ओरडला, "आगाऊ पैसं घेतलंस तवा काय सांगितलं व्हतंस?"
मी मोजून परत केले.
त्यानं पुन्हा मोजले, सगळ्यांना दिसतील असे.

दुपारी, रस्ता ओस पडल्यावर,
राबोडीचे हसनभाई नखवा आले.
काखेत पिशवी, पिशवीत एकोणीस वर्षांचा आल्बम.
एकच खिसा रिकामा,
आणि त्याच्याखाली बारीक, सरळ अक्षरात
साल आधीच लिहून ठेवलेलं.

मी म्हणालो, संपली.

सातवं खणात होतं.
कोणासाठी, ते मलाही नीट माहीत नव्हतं.
पांढऱ्या बुटांसाठी? थकलेल्या भाड्यासाठी?
मी विकतो, जमवत नाही,
असं मी तीस वर्षं सांगत आलोय
आणि रात्री शटर ओढल्यावर
एकेक काढून दिव्याखाली फिरवत आलोय.

ते बसले. चहा नको म्हणाले.
भिंग मागून घेतलं, चिल्लरीचा ट्रे पुढे ओढला,
एकेक नाणं कडेनं उचलत राहिले,
अंगठा एकदाही चेहऱ्यावर न टेकवता.
शेवटी वीस पैशांचं एक षट्कोनी काढलं,
अॅल्युमिनियमचं, फुंकरीनं उडेल असं.
दहा रुपये ठेवले. पावती मागितली.
दहा रुपयांची पावती!
मी लिहीत होतो, ते माझ्या हाताकडे पाहत होते.

उठता उठता म्हणाले,
"खणाची किल्ली तुमची एरवी कुलपातच लटकलेली असते.
आज खिशात दिसतेय.
जपा. खिशाला भोक असलं तर पडायची."
हसले नाहीत. रागावलेही नाहीत.
पिशवीची बंदं नीट बांधली
आणि तलावाच्या अंगानं चालू लागले,
सावलीसावलीतून.

संध्याकाळी पांढऱ्या बुटांचा फोन तीनदा वाजून थांबला.
मी खिशात हात घातला.
किल्ली गरम होती, माझ्याच अंगानं.
वहीत नखव्यांच्या नावापुढे
फुली मारली नाही, बरोबरची खूणही नाही.
नुसती तारीख घातली.