शंभरातले दहा

मशीन मिनिटभरात आकडे देतं,
पण आकड्याशेजारी लाल बाण उमटला
की काच माझ्याकडे येते.
एक थेंब, दुसऱ्या काचेच्या कडेने ओढलेला,
शेवटाला जिभेसारखा निमुळता.
लिशमनचा रंग, मग पाणी, मग टेबलफॅनपुढे वाळवण.
नळ स्टॉपला, झेरॉक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
एकवीस वर्षं हेच.
आता खिडकीच्या उंचीवरून मेट्रो जाते
आणि तेलाच्या थेंबाखाली पेशी किंचित थरथरतात.

न्यूट्रोफिल: जांभळ्या केंद्राचे तीन-चार तुकडे,
बारीक दोऱ्याने एकमेकांना बांधलेले,
निघायच्या घाईत बांधावेत तसे.
कुठेही काही पेटलं की हे धावत सुटतात.
लिम्फोसाइट: एकच गोल गडद ठिपका,
भोवती निळी किनार, असेल-नसेल इतकी.
हे ओळखतात. चेहरा लक्षात ठेवतात.
टिक टिक टिक टिक टिक, मग खूप वेळाने टक.
शंभर झाले की पेटीतली घंटी वाजते.

श्रीपती खळदकर, वय चौऱ्याहत्तर, फुप्फुस, उजवं.
ब्याऐंशी. दहा. पाच मोनोसाइट, तीन इओसिनोफिल.
गणपतीत सत्तरला बावीस होते.
रिपोर्टात मी भागाकार लिहीत नाही,
त्याला रकानाच नाही.

खळदकरांनी कच्चा कागद मागून घेतला,
बाकावर बसून पार्किंगच्या पावतीमागे भागलं.
"आठ पूर्णांक दोन. मागल्या वेळी तीनच्या पुढे जरासं.
हा आकडा चढलेला बरा नाही म्हणतात."
मी म्हटलं, ते डॉक्टरांना विचारा.
"विचारलंय की. तुम्हाला सांगतोय नुसतं."

महापालिकेत होते, वाहतूक मोजणीला.
अलका चौकात, हातात चार बटणांची पेटी:
सायकल, स्कूटर, मोटार, बाकी सगळं.
"एकाहत्तर साली शंभरात सत्तर सायकली.
अंगठा सुजायचा हो.
मग दर साली दोन कमी, तीन कमी.
शेवटी ते बटण गंजून अडकायला लागलं.
नेमक्या कुठल्या दिवशी संपल्या,
ते माझ्या एकाही तक्त्यात नाही."
तीस वर्षं त्याच चौकात. बिडीला शिवले नाहीत.
हे त्यांनी गाऱ्हाण्यासारखं नाही,
पत्ता सांगावा तसं सांगितलं.

मी आत जाऊन दुसरं शंभर मोजलं.
दोनशे मोजलेले बरे, असं पुस्तकात आहे.
पुस्तकासाठी मोजले नाहीत.
प्रत्येक गोल ठिपक्यापाशी थांबले,
एका फुटक्या पेशीला लिम्फोसाइट म्हणावं का
यात लाज वाटावी इतका वेळ घालवला.
नाही म्हटलं.
एक्क्याऐंशी. अकरा.

बाहेर येऊन सांगितलं, एक वाढला.
ते हसले, हसण्याचा खोकला झाला,
खोकल्याला पाणी दिलं.
"बाई, गुणोत्तर चौकाचं असतं.
शंभरातल्या किती गाड्या डावीकडे वळणार
ते मी छातीठोक सांगायचो, साहेब खूश.
पण ही समोरून येणारी हिरवी लुना
वळणार का, ते काही कधी सांगता आलं नाही.
पुण्यात तर हात दाखवला तरी नाही."

कोपरावरचा कापूस त्यांनी आठवणीने पिवळ्या डब्यात टाकला.
रिपोर्ट व्हॉट्सॲपवर नको, सून घाबरते,
छापील द्या, उद्या येतो.

खिडकीतून पाहिलं, दुभाजकापाशी उभे.
गाड्या थांबेनात. त्यांनाही घाई दिसेना.
उजव्या हाताचा अंगठा
तर्जनीच्या पेरावर हलत होता,
टिक टिक टिक टिक टिक,
मग एकदा करंगळीवर.
मी वाकून पाहिलं, सायकल गेली का.
मेट्रोचा खांब मध्ये आला.