फॉल-पिको

नाव काय टाकू, विचारलं स्वरूपने
कॅफेतल्या मळकट कीबोर्डावर बोटं ठेवून.
खरं नको, म्हणाला, खरं कोणी टाकत नाही.
वाघ, वादळ, यमदूत, सगळं आधीच गेलेलं,
पुढे चार-चार आकडे लावूनसुद्धा.
मग आईच्या दुकानाची पाटी आठवली,
धनकवडीत, शेवटच्या स्टॉपच्या मागे.
पिको ४११०४३.

तासाला चाळीस रुपये.
"सगळ्या पोरांत तू एकटीच?" आई म्हणायची.
"हेडफोन घातला की कुठली पोरं?"
ते खोटं होतं.
हेडफोन घातला की पोरंच पोरं, थेट कानात.
माझा आवाज आला की क्षणभर गप्प,
मग हसणं, मग,
"ताई, चहा टाका."
मी माइक बंद ठेवून खेळायला शिकले.
मग कळलं,
मुक्या माणसाला टीममध्ये कोणी घेत नाही.

घेतलं, कारण वरदला डेंग्यू झाला.
"तू फक्त धूर टाक," स्वरूप म्हणाला,
"बाकी आम्ही बघतो."

सतरा दिवस धूर टाकला.
खिडकीत, जिन्यावर, दोन कंटेनरच्या फटीत,
डोळे मिटून टाकला तरी तिथेच पडेल इतका.
मनगट सुजलं.
आईने ते पाहिलं, मशीनवरून मान जेमतेम उचलून.
"मनगटाने ओढतेस. खांद्यातून यायला हवं.
कापड ढकलायचं नसतं गं, जाऊ द्यायचं असतं."
आणि अस्तराच्या दोन थरांत जुनं रेक्झिन घालून
माउसखाली ठेवायला एक पट्टी शिवून दिली.
चारी कडांना पिको, मोरपंखी दोऱ्याने.
मोरपंखी का?
तोच लावलेला होता मशीनला.

वाघोलीचं कॉलेज, दोन बस बदलून.
हॉलमधला एसी असा की बोटं आखडली.
सगळ्यांच्या टेबलांवर दिवे,
कीबोर्डात, माउसमध्ये,
एकाच्या तर खुर्चीतसुद्धा.
मी पिशवीतून पट्टी काढून पसरली, हाताने सपाट केली.
शेजारच्याने वाकून पाहिलं.
"कुठली कंपनी?"
"लोकल," मी म्हणाले.

स्टेजवरचा निवेदक ओरडत होता,
"पीऽको! काय नाव आहे, स्पॅनिश वाटतंय!"

हरलो. तेरा-चार.
आमच्या टाकीत पाणी चढायला याहून जास्त वेळ लागतो.

पण त्या चारातला एक माझा.
आमच्यातली मी एकटी उरलेली, समोर दोघं.
मी माइक चालू केला, का ते माहीत नाही.
या खेळात मेलेलेही ऐकत असतात.
"डावीकडे एक आहे. थांबा," म्हणाले.
थांबा कोणाला? थांबण्याशिवाय
त्यांच्याकडे दुसरं काय होतं?
धूर टाकला, स्वतःच्याच पायाशी,
आणि खांदा सैल सोडला.
पहिला आला. मग दुसरा,
जरा उशिरा, जरा घाईत.
चार मेलेली पोरं एकदम ओरडली माझ्या कानात.
त्यात चहाचं काही नव्हतं.

बक्षीस म्हणून वडापावचं कूपन मिळालं,
स्टॉल बंद झालेला.

परतताना स्वरूप खिडकीला डोकं टेकून झोपला.
येरवड्याच्या पुलावर वरदचा मेसेज आला,
"प्लेटलेट्स नॉर्मल. सोमवारपासून येतो. थँक्स हं, सांभाळून घेतलंस."
मी "बरं" लिहिलं.
पुसलं.
बॅटरी चार टक्के.
पिशवीत पट्टीचा एक कोपरा उसवला होता, तो बोटाने चाचपला.
मग लिहिलं,
"ये की. पण धूर मी टाकते.
तू दुसरं काहीतरी बघ."