पाच-सोळांश

या गाडीचं बॉनेट उघडत नाही,
अख्खं तोंडच पुढे कलंडतं.
इंजिन चाकांसकट उघडं पडतं
आणि टायरवर बूड टेकून बसता येतं,
ओट्यावर बसावं तसं.
तिथं बसूनच मी मोठी झाले,
पाने हातात देत.
"अर्धा इंची. तो नव्हे.
तो मिलिमीटरचा, मामाच्या फियाटचा."

ब्लायनायला पाऊस येत-जात नाही,
तो इथला रहिवासी आहे.
घरामागे पाटीच्या दगडाचे काळे ढीग,
ज्या दगडावर कुठल्या कुठल्या देशांतली पोरं
अक्षरं गिरवून गेली.
आणि शेडमध्ये चौऱ्याहत्तरची ट्रायम्फ, फिकी पिवळी,
जिच्या दाराखालच्या पत्र्यात
स्क्रूड्रायव्हर टोचला की आत जायचा,
चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा तसा.
बाबांनी तो पत्रा तीनदा बदलला.
मी दोनदा.

कार्बोरेटर दोन.
रबरी नळीचं एक टोक कानात,
दुसरं आधी याच्या तोंडाशी, मग त्याच्या.
फुत्कार सारखा झाला पाहिजे.
"सख्ख्या बहिणी आहेत," बाबा म्हणत,
"एकीला जास्त मिळालं की दुसरी खोकते."
मला मात्र बराच काळ
दोन्हींकडून नुसता समुद्रच ऐकू यायचा.

सगळं मूळचंच हवं, हा त्यांचा हट्ट.
एकदा मी आरशाला नवा स्क्रू लावला,
चौफुली खाचेचा.
आठवडाभर घरात मीठ मागायलासुद्धा
ते माझ्याशी बोलले नाहीत.
प्रदर्शनात हेडविन प्राइस भिंग घेऊन यायचा
आणि भिंगाच्या त्या बाजूला
बाबा श्वास धरून उभे असायचे.

गेल्या फेब्रुवारीत त्यांची डावी बाजू गेली.
हात परतला, एप्रिलच्या सुमारास,
उशिरा कामावर आलेल्या माणसासारखा, खाली मान घालून.
पाय आलाच नाही.
गाडीत क्लचला पाय लागतो.
शेडची किल्ली त्यांनी खिळ्यावरून काढली
आणि चमच्यांच्या खणात टाकली.
आम्ही दोघंही त्या खणातूनच चमचे घेत राहिलो.

मेरेरिदच्या पोरानं मोटरसायकल ठोकली होती,
तिचा क्लच लिव्हर मी पाच पौंडांना आणला.
गिअरच्या दांड्यावर पट्टीनं बसवला.
हातानं दाबायचा, हातानंच गिअर टाकायचा.
ऑइलची नळी तेवढी पुढे न्यायची होती,
इंजिन आणि पाय यांच्या मधल्या पत्र्यातून.
त्या पत्र्याला पन्नास वर्षांत
कारखान्याबाहेरचं एकही भोक नव्हतं.

मी रात्रीच पाडलं.
ड्रिलचा आवाज घरात जातोच.
मागे काठी वाजली.
मी वळले नाही. भुसा जमिनीवर चमकत होता.

"केवढं पाडलंस?"
"आठ मिलिमीटर."
"पाच-सोळांश," ते म्हणाले.
मग बराच वेळ फक्त पत्र्यावरचा पाऊस.
मग, "धार मोडलीस का?"
"नाही अजून."
"मोड. नळी कापेल. आणि कडेला रंग लाव,
आजच. उद्यापर्यंत गंजेल."

रंगाचा डबा त्यांनीच शोधून दिला,
मागच्या फळीवर, दिव्याच्या वातींमागे.
फिका पिवळा, वर साय धरलेली.
ब्रश नव्हता. बोटानं लावला. त्यांच्या.

जूनमध्ये डॉक्टरांचा कागद आला. रविवारी
खिंडीकडे निघालो, मी डाव्या सीटवर,
हात मांडीखाली दाबून.
पहिल्या चढावर बंद पडली. दुसऱ्यांदाही.
मागच्या व्हॅनवाल्यानं हॉर्न दिला, मग ओळखलं
आणि बोट वर केलं.

माथ्याजवळ मेंढ्या रस्त्यात.
बाबांनी लिव्हर दाबून धरला,
इंजिन चालू, मूठ थरथरती,
पोरांना शिकवायच्या घाईत नसलेली
शेवटची मेंढी आमच्याकडे
नीट पाहून मग बाजूला झाली.
लिव्हर सुटला. झटका. माझी मान मागे.

"पोचलो की," ते म्हणाले,
डोळे वळणावर,
"अर्धा वळसा सैल कर."